झुंजार माशाच्या माहेरी

थायलंडला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. तिकडे सोने स्वस्त आहे का, शाकाहारी माणसाच्या जेवणाचे कसे होते, आणि तिसरा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी आत गेली की हळूच विचारला जातो. २०१९ च्या डिसेंबरात मी बँकॉकहून परत आलो, तेव्हा या तिन्ही प्रश्नांना माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. कारण कचेरीचे काम आटोपल्यावर जे दोन दिवस माझे स्वतःचे म्हणून हाती राहिले, ते मी मासे पाहण्यात घालवले. खाण्याचे नव्हेत, पाळण्याचे. त्यातही एकाच जातीचे आणि बोटभर लांबीचे. माझ्या बरोबरचे लोक बाजारहाट करून आले, मंदिरे पाहून आले आणि मी मासे पाहून आलो हे ऐकून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून आठवते.

या माशाची आणि आमच्या घराची ओळख त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाली होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली आमची मुलगी परतली ती हातात काचेची बरणी घेऊन. पूर्वी अशा वेळी मुलांच्या हाती पेन्सिल किंवा फार तर कंपासपेटी पडे. आता जिवंत मासा पडतो. मुरंब्याची असते तेवढी बरणी, तळाशी निळे खडे आणि मधोमध गडद निळा, लाल झालरीचा तो मासा. मुंबईच्या दुकानांत याला सरसकट 'फायटर' म्हणतात. मुलीने दुकानदाराचे पढवलेले शब्द घरात जाहीर केले, "याला पंप लागत नाही, जागा लागत नाही, काहीच लागत नाही. दोन दाणे टाकले की झालं!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी बसले होते. आई गेली आणि पाठोपाठ ते स्वतः विहिरीच्या पायरीवरून घसरले, तेव्हा त्या जूनमध्ये गुहागरचे घर बंद करून आम्ही त्यांना डोंबिवलीला आणले. मागे नारळी-पोफळीचे आगर, पुढे सारवलेले अंगण, अशा घरात सत्त्याहत्तर वर्षे वावरलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मात्र त्यांची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली कुलपातच होती. "चार दिवसांसाठी पसारा कशाला?" असे ते म्हणत, आणि बाहेर काढून ठेवलेल्या दोन धोतरांवर व दोन सदऱ्यांवर भागवत. चार दिवसांचे चार महिने झाले होते. त्या संध्याकाळी बरणीकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "जगेल रे तो यात. जगायला काय, जगतातच सगळे."

हे वाक्य माझ्याबरोबर विमानात बसले आणि बँकॉकपर्यंत आले. हा मासा मूळचा तिथला आहे एवढे मला ठाऊक होते. तेव्हा आपल्या घरी तो कसा असतो हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मनाने घेतले.

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. पाट्यांवरची लिपी अनोळखी, पण कानावर पडणारी नावे ओळखीची वाटतात आणि परका मुलूख एकदम निम्मा आपला होतो. १९३९ पर्यंत या देशाचे नाव सयाम होते, म्हणून जगभर या माशाला 'सयामी झुंजार मासा' म्हणतात. थाई लोक त्याला नुसते 'प्ला कत' म्हणतात. प्ला म्हणजे मासा आणि कत म्हणजे चावणे. चावरा मासा! दोन नर समोरासमोर आले की कल्ल्यांची झाकणे फुगवून, पर ताठ करून एकमेकांवर तुटून पडतात, त्यावरून हे नाव. पैजा लावून त्यांच्या झुंजी लावण्याची चाल त्या देशात फार जुनी आहे. किती जुनी, याचा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दिला. माणसाने हा मासा पाळायला लागून निदान हजार वर्षे झाली असावीत, असे त्यात निघाले. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० मध्ये. म्हणजे त्याच्याही आधीपासून सयामातली मुले भाताच्या खाचरांतून हे मासे पकडून घरी आणत असावीत.

शनिवारी सकाळी मी चतुचकच्या बाजारात गेलो. शहराच्या डोक्यावरून धावणाऱ्या आगगाडीने मो चित स्थानकावर उतरायचे आणि गर्दी नेईल तिकडे जायचे. हा बाजार शनिवार-रविवारचा. आपला क्रॉफर्ड मार्केट, चोरबाजार आणि दादरची फुलगल्ली एकत्र करून त्यावर उन्हाळ्यातली एखादी जत्रा ओतावी, तसा. कपडे, चिनी मातीची भांडी, रोपे, लाकडी हत्ती यांच्यातून वाट काढत आपण माशांच्या गल्लीत शिरतो आणि एकाएकी आवाज कमी होतो. विकणारे ओरडत नाहीत, कारण माल स्वतःच बोलत असतो.

फळीवर फळी, आणि फळीवर काचेच्या चौकोनी बाटल्या. प्रत्येक बाटलीत एक नर, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. शेजाऱ्याचे तोंड दिसू नये म्हणून! गिऱ्हाईक आले की दुकानदार तो पुठ्ठा अलगद वर उचलतो, क्षणात दोन्ही बाजूंचे मासे पिसारा फुलवतात आणि किंमत वाढते. कुणाची शेपटी उघडली की बरोबर अर्धवर्तुळ होते, त्याला अर्धचंद्र म्हणतात. कुणाच्या शेपटीच्या कडा मुकुटाच्या टोकांसारख्या फाटलेल्या. कुणी पांढराशुभ्र, कुणी तांब्याच्या रंगाचा. २०१६ साली थायलंडच्या झेंड्यासारखे निळे, लाल व पांढरे पट्टे असलेला एक मासा लिलावात ५३,५०० बाथला गेला होता, ती हकीकत मला तिथे कौतुकाने ऐकवण्यात आली. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला होता, त्याचाही उत्साह बाजारात होताच.

एका दुकानात साध्याशा, आखूड शेपटीच्या माशांपाशी मी थांबलो. दुकानदारीणबाई वयस्कर होत्या. त्यांना थोडे इंग्रजी येत होते आणि मला थाई मुळीच येत नव्हते, त्यामुळे संभाषण उत्तम झाले. त्यांनी सांगितले की लांब झालरीचे मासे माणसाने हौसेने घडवले. मूळचा मासा असाच आखूड पराचा, म्हणूनच चपळ. लांब पदर सांभाळत पोहणे त्या बिचाऱ्यांना जड जाते. मी विचारले, "हे या बाटलीतच राहतात का?" त्या हसल्या. एका कागदावर थाई अक्षरांत पत्ता लिहून त्यांनी माझ्या हाती दिला. "बहिणीचं शेत. नाखोन पाथोम. उद्या जा."

निघताना एका टोपलीपाशी माझे पाय अडले. त्यात वाळलेली पाने दोऱ्याने जुड्या बांधून विकायला ठेवली होती. मोठी, तांबूस, जाड पाने. मी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि मला हसूच आले. ती आपल्या देशी बदामाची पाने होती! मुंबईच्या निम्म्या शाळांच्या आवारात, सोसायट्यांच्या फाटकाशी जे झाड असते, ज्याची पाने गळण्याआधी लाल होतात आणि रोज सकाळी झाडणारी बाई ज्यांना शिव्या घालते, तेच हे पान. थाई भाषेत याचे नाव 'हू क्वांग', म्हणजे हरणाचा कान. आकार पाहिला की नाव पटते. हे पान पाण्यात टाकले की त्यातला तुरट अंश उतरतो, पाणी फिक्या चहासारखे होते आणि हा मासा त्यात खुलतो. पैसे देऊन मी काही जुडी घेतली नाही. आमच्या फाटकाशी ढीगच पडलेला होता.

रविवारी सकाळी हुआ लाम्फोंग स्थानकावरून गाडी धरली. १९१६ सालची ती जुनी, कमानदार इमारत पाहून आपले बोरीबंदर आठवावे. गाडीने नदी ओलांडली, शहर मागे पडले आणि खिडकीबाहेर कालवे, केळी, नारळ आणि भातशेती सुरू झाली. मी मनात म्हटले, अण्णांना इथे आणून बसवले तर ते विचारतील, चिपळूण गेले का?

नाखोन पाथोम म्हणजे 'नगर प्रथम'. तिथला भव्य स्तूप, फ्रा पाथोम चेदी, म्हणजे 'प्रथम चैत्य'. नारिंगी खापऱ्यांनी मढवलेला हा स्तूप सुमारे १२० मीटर उंच आहे आणि स्थानकातून बाहेर पडताच तो समोर उभा ठाकतो. १८५३ साली राजा मोंगकुटने एका प्राचीन स्तूपावर त्याचे बांधकाम सुरू करवले आणि ते १८७० साली पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी बांबूच्या नळ्या निखाऱ्यांवर भाजत ठेवलेल्या असतात. आत चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि साखर. नळी सोलून खायचे. तांदूळ आणि नारळ जिथे असतो, तिथे कोकणी माणसाचे पोट सांभाळले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तेवढे.

समोरासमोर दोन बाके टाकलेल्या उघड्या टेम्पोतून, कागद दाखवत दाखवत मी त्या शेतावर पोहोचलो. शेत कसले, बाटल्यांची पेरणीच! जाळीच्या सावलीखाली जमिनीवर चपट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, हजारोंनी, आणि प्रत्येकीत एक मासा. बाजूला सिमेंटची टाकी, त्यांत पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या पानांचा थर आणि खाली पिल्ले. बाईंचा मुलगा कॉलेजात शिकत होता, तो दुभाषा झाला. पिल्ले अडीच-तीन महिन्यांची होईपर्यंत एकत्र नांदतात, मग नर भांडू लागतात आणि त्यांना बाटलीत वेगळे काढावे लागते. बाटल्यांतले पाणी वरचेवर बदलावे लागते, त्या कामाला घरची सगळी माणसे लागतात.

एका मातीच्या कुंड्यात त्याने मला घरटे दाखवले. तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचा फेस, साबणाचा असावा तसा. नर तोंडात हवा घेऊन, लाळेत घोळवून एकेक बुडबुडा सोडतो आणि हे छप्पर बांधतो. मादीने अंडी घातली की तो ती तोंडाने उचलून फेसात ठेवतो, मादीला हाकलून देतो आणि एकटाच पहारा करतो. एखादे अंडे निसटले की खाली सूर मारून ते पुन्हा वर चिकटवतो. दीड-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. तीही पडू लागली की यांची पुन्हा धावपळ. ज्याची जगभर ख्याती भांडखोर म्हणून, तो घरात असा! इंग्रज सरकारच्या काळात १८४० साली सयामच्या राजाकडून भेट मिळालेले असे काही मासे थिओडोर कँटर या कंपनी सरकारच्या नोकरीतल्या डॅनिश डॉक्टरच्या हाती आले आणि पाश्चात्त्य शास्त्राला या माशाची ओळख झाली. पुढे १९१० साली टेट रेगन या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचे 'बेट्टा स्प्लेंडेन्स' असे नाव ठरवले. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. रेगनने त्याचे तेज टिपले. कुंड्यातला तो पहारेकरी पाहिला असता, तर नाव काय ठेवले असते कोण जाणे.

मग तो मुलगा मला कुंपणापलीकडे घेऊन गेला. भाताच्या खाचरांना लागून एक चर होता. ढोपरभर पाणी, सुस्त, कोमट, चहाच्या रंगाचे. त्यात इतकी पाणवनस्पती माजलेली की पाणी कुठे आहे हे शोधावे लागे. त्याने वेताची चाळण झुडपाखालून घातली, दोन-तीनदा वर काढली, आणि चौथ्यांदा तीत एक मासा आला. तपकिरी, मळकट, बाजारात कुणी ढुंकून पाहणार नाही असा. पण मुलाने तो ओंजळीत धरला आणि उन्हाला वळवला मात्र, त्याच्या अंगावर मोरपिशी हिरव्या रंगाची लकेर उमटली. त्याने ओंजळ पाण्यात सोडली. मासा क्षणभर थांबला आणि गवताआड गेला. पुन्हा दिसला नाही.

त्या चराकडे पाहताना मला दुकानदाराचे 'काही लागत नाही' हे शब्द कुठून आले ते समजले. अशा साचलेल्या, कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाला कल्ल्यांशिवाय डोक्यात एक वेगळे इंद्रिय असते. दुमडी-दुमडींचे, म्हणून शास्त्रज्ञ त्याला भुलभुलैया म्हणतात. वर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्यावर तगतो. यामुळेच तो बरणीत मरत नाही. पण पाणी उथळ म्हणजे थोडे नव्हे. ते ढोपरभरच होते, पण नजर जाईल तिथपर्यंत पसरलेले होते, आणि त्यात लपायला हजार जागा होत्या. संकटात तग धरण्यासाठी निसर्गाने जी शक्ती दिली, तिचाच आधार घेऊन माणसाने त्याला बारा महिने संकटात ठेवले, असा हा प्रकार.

मी त्या बाईंना तोच कालचा प्रश्न विचारला. मुलाने भाषांतर केले. त्या पाणी बदलत होत्या, मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाटली ही गाडी आहे. गाडीत कुणी घर करतं का?"

बाटली प्रवासाची असते. शेतातून बाजारात आणि बाजारातून घरी जाईपर्यंतची. घरी पोहोचल्यावर सामान सोडायचे असते. परतीच्या आगगाडीत मी मासा, शेत, स्तूप सगळे विसरलो आणि आमच्या पलंगाखालच्या ट्रंकेचा विचार करत बसलो.

डोंबिवलीला आल्यावर मी खिडकीजवळच्या टेबलावर, अण्णांच्या खुर्चीसमोर, काचेची पेटी मांडली. चाळीस सेंटिमीटर लांब, पंचवीस रुंद, पंचवीस उंच. वीस सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले की बरोबर वीस लिटर होते. एका झुंजार माशाला जाणकार किमान पंधरा ते वीस लिटर पाणी सांगतात, ते जमले. काच, वाळू, पाणी मिळून वजन तीस किलोच्या घरात जाते, तेव्हा टेबल डुगडुगते नसावे. वर झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. पण पाणी आणि झाकण यांच्यात हवा हवी, कारण ती तो पितो.

पुढचे काम झाडांचे. मंद उजेडावर वाढणारी झाडे निवडली. जावा फर्न, आफ्रिकेतली अनुबियास, आणि क्रिप्टोकोरीन, जिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही उगवतात. यांतल्या अनुबियासची व फर्नची गंमत अशी की त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो. तो दगडाला किंवा लाकडाला बांधावा लागतो. मी दोरा शोधू लागलो. घरातल्या दोऱ्याचा रंग पाण्यात सुटेल अशी शंका निघाली. अण्णा उठले. "माझ्या ट्रंकेत आहे. पांढरा, सुती." जानव्याच्या कनवटीची किल्ली निघाली, पलंगाखालून ट्रंक ओढली गेली आणि पाच-सहा महिन्यांनी तिचे झाकण उघडले. दोरा तळाशी होता, त्यामुळे वरचे सगळे बाहेर काढावे लागले. आईचा फोटो, पंचांग, अडकित्ता, आगराच्या जुन्या पावत्या. अण्णांनी दगडाला अनुबियास अशी पक्की बांधली की वेलाला मांडवावर चढवणारा हात कळावा. बाहेर काढलेल्या वस्तू रात्री कपाटात गेल्या. त्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

यानंतरचा महिना धीराचा. माशाच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विष असतो. डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही घातक. मग नायट्रेट, जे बरेच निरुपद्रवी आणि झाडांचे खाद्य. या जीवाणूंची वसाहत गाळणीच्या स्पंजात आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासा घालायचा नाही. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचे, म्हणजे जीवाणूंना काम मिळते. शेजारची मंडळी येत, पाण्याकडे पाहत आणि विचारत, "मासा कुठाय?" अण्णा सांगत, "विरजण लागायचंय." याहून नेमके स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. मासा तोवर दहा लिटरच्या बादलीत होता. त्याचे पाणी रोज थोडे बदलत होतो.

अन् एक दिवस क्रिप्टोकोरीनची पाने विरघळू लागली. कडेने पारदर्शक होऊन चार दिवसांत सगळे झाड बसले. मुलगी रडवेली झाली. ही या झाडाची रीतच आहे. जागा बदलली, पाणी बदलले की ते जुनी पाने टाकून देते. जुनी पाने जुन्या पाण्यासाठी घडलेली असतात. मुळांना हात लावायचा नाही, उपटून दुसरीकडे लावायचे तर मुळीच नाही. तीन आठवड्यांनी वाळूतून पिंगट, अणकुचीदार नवे पान वर आले. ते प्रथम अण्णांना दिसले. तासन्‌तास समोर बसणारे तेच होते.

फेब्रुवारीत, २०२० मध्ये, मासा पेटीत गेला. पहिला दिवसभर तो बदामाच्या पानाखाली दडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या सरहद्दी तपासल्या. आठवड्याने तो फर्नच्या एका पानावर अंग टेकून झोपू लागला. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळे शहरच आपापल्या पेटीत बसले. दोन खोल्यांत आम्ही चौघे, एकाच टेबलावर माझी कचेरी, मुलीची शाळा आणि मासा. त्या दिवसांत एका सकाळी अण्णांनी हाक मारली. पाण्यावर, पानाच्या कडेला, बुडबुड्यांचा फेस जमला होता. मादी नव्हती, कुणी यायचे नव्हते. तरी त्याने घर बांधले होते. नर असे बांधतात, त्यात नवल नाही, असे मी समजावून सांगितले. अण्णा म्हणाले, "सामान सोडलं म्हणायचं."

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पाणी २४ ते २८ अंशांत ठेवावे; मुंबईत वर्षातले बरेच महिने काही करावे लागत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत, आणि पुण्या-नाशिकला तर नक्कीच, छोटा हीटर हवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारे औषध दुकानात मिळते. फोटो धुणारे पूर्वी ज्याला हायपो म्हणत तेच बहुधा त्यात असते. आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे पाच लिटर पाणी बदलावे. सगळे पाणी कधीही बदलू नये आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये, विरजण वाहून जाते. काढलेले पाणी आमच्याकडे तुळशीला जाते, आणि तुळस तरारली आहे. दिवा सहा ते आठ तास पुरे. खाद्याचे तीन-चार दाणे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. त्याचे पोट त्याच्या डोळ्याहून फारसे मोठे नसते. पेटीत नर एकच. आरसा दाखवून त्याला चिडवण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये.

हा मासा दोन-चार वर्षे जगतो. आमचा २०२२ च्या पावसाळ्यात गेला. अण्णांनी तो तुळशीच्या कुंडीत पुरला. पेटी रिकामी ठेवावी की काय, यावर घरात चर्चा झाली; झाडे उत्तम होती, विरजण ताजे होते. पंधरा दिवसांनी अण्णा स्वतः मुलीबरोबर दुकानात गेले आणि बाटल्यांच्या रांगेतून आखूड शेपटीचा, कुणी घेत नव्हते तो तांबूस नर घेऊन आले.

११ जून २०२४ च्या पहाटे चतुचक परिसरातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजाराला आग लागली. शंभरावर दुकाने होरपळली. माणसे वाचली, पिंजऱ्यांतले आणि काचेतले सुमारे हजार जीव गेले. बातमी वाचली तेव्हा मला ते पुठ्ठ्याचे तुकडे आठवले, आणि ज्या बाईंनी पत्ता लिहून दिला त्या कशा असतील, हा विचार मनातून जाईना. ते मासे बाटल्यांत होते, म्हणजे सगळेच वाटेत होते. त्यांतले काही त्याच आठवड्यात कुणाच्या तरी टेबलावर उतरले असते.

दिवाळीच्या भेटींत अलीकडे मिठाईबरोबर माशाची बरणीही असते. वाचकांपैकी कुणाच्या हाती ती आली, तर नाही म्हणू नका. तो जीव वाटेत आहे. त्याला तूर्त मोठ्या बादलीत सोडा, झाकण ठेवा, आणि पेटीच्या तयारीला लागा. आणि आपणच कुणाला भेट द्यायची असेल, तर दिवाळीला नुसती पेटी द्या, वाळू, झाडे आणि फाटकाशी पडलेली बदामाची चार धुतलेली पाने. मासा कार्तिक संपता संपता द्यावा. मधल्या महिन्यात लोक विचारतील, मासा कुठे आहे म्हणून. काय सांगायचे ते अण्णांनी सांगून ठेवलेच आहे.